वखारीत लाकडाचं नाव नंतर विचारा, ते चिरलं कधी ते आधी विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बँकेतली नोकरी सांभाळून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ड्रिल, हातातली गोल करवत आणि लाकडात खाचा मारायचं राउटर घेऊन दोन वर्षं हौसेनं सुतारकाम चाललंय. आजवर पॅकिंगच्या पेट्यांचं पाईन आणि प्लायचे तुकडे यांवर भागवलंत. आता मुलीसाठी चार बाय दोन फुटांचं सागवानी अभ्यासाचं टेबल करायचंय. गेल्या ऑगस्टात धीर करून एक फळी आणली होती, तिचं शेल्फ केलंत आणि मे महिन्यात ते पन्हळीसारखं वाकलं. त्यामुळे पुन्हा वखारीत पाऊल टाकायला भीती वाटते, की 'नवीन माणूस बघून फसवतील'. काय विचारायचं, हिशोब कसा करायचा, रंध्याच्या मशीनवर काम कसं करून घ्यायचं?

फसवणुकीचं आधी मिटवू. तुमची फळी वखारवाल्यानं वाकवली नाही, सोलापूरच्या हवेनं वाकवली. तीस वर्षं मी इथं फर्निचरचं वर्कशॉप चालवतोय, आणि माझ्याकडे आलेल्या दहा तक्रारींतल्या आठ तरी ओलाव्याच्या निघतात. लाकूड खोटं असल्याची एखादीच.

ऑगस्टात आपल्याकडे हवेत ७५-८० टक्के आर्द्रता असते. त्या हवेत ठेवलेलं लाकूड स्वतःमध्ये १४-१५ टक्के पाणी धरून बसतं. एप्रिल-मेच्या दुपारी हवा २०-२५ टक्क्यांवर येते आणि तेच लाकूड सहा-सात टक्क्यांपर्यंत उतरतं. पाणी गेलं की लाकूड आक्रसतं, पण सगळीकडून सारखं नाही. लांबीत जवळजवळ काहीच नाही, रुंदीत बरंच. सागवान त्यातल्या त्यात शहाणं. पार ओल्यापासून पार कोरडं होईपर्यंत ते वर्षवलयांच्या दिशेनं सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडच्या दिशेनं फक्त २.५ टक्के आक्रसतं. वाकण्याचं मूळ या दोन आकड्यांतल्या फरकात आहे. फळीच्या टोकाकडून बघा. वलयं कमानीसारखी आडवी दिसत असतील तर ती फळी वाळताना वाटीसारखी होणार. वलयं उभ्या रेघांसारखी दिसत असतील तर ती फळी मुकाट बसणार. त्यात तुम्ही शेल्फच्या वरच्या बाजूला पॉलिश मारून खालची कोरी ठेवली असणार. बहुतेक जण ठेवतात. मग एका बाजूनं पाणी भराभर जातं, दुसऱ्या बाजूनं रेंगाळत.

मी स्वतः हे पैसे मोजून शिकलो. नवीन धंदा होता. एका गिऱ्हाइकाचं सहा माणसांचं डायनिंग टेबल श्रावणात केलं. लाकूड नुकतंच चिरलेलं, हाताला गार लागत होतं, तरी घाई म्हणून घेतलं. वरचा तक्ता खालच्या चौकटीला चारही बाजूंनी स्क्रूनं आवळून टाकला. जितके जास्त स्क्रू तितकं मजबूत, अशी तेव्हाची अक्कल. चैत्रात एका पहाटे फोन आला, "अहो, तुमचं टेबल रात्री बोललं की ओ!" जाऊन बघतो तर तक्त्याच्या मधोमध टोकापासून हातभर चीर, आत पाच रुपयांचं नाणं उभं जाईल एवढी. तक्त्याला आक्रसायचं होतं, स्क्रू सोडत नव्हते, मग तो फाटला. पुरा तक्ता पदरचा घालून दिला. वखारवाल्याला दोष द्यायला तोंड नव्हतं. त्यानं विचारलंच होतं, "आत्ताच लावणार का?"

म्हणून वखारीत शिरल्यावर पहिला प्रश्न हा, "शेठ, हा माल चिरून किती दिवस झाले?" हा प्रश्न विचारणारा माणूस नवखा असला तरी अडाणी नाही, हे समोरच्याला कळतं. बोलण्याचा सूर बदलतो, बघाच. उत्तर खरं की नाही हे तपासायला लाकडातल्या ओलाव्याची टक्केवारी दाखवणारा मॉइश्चर मीटर मिळतो, दोन पिना असलेला. हौशी माणसानं तो घ्यावाच. नसेल तर एकाच मापाच्या दोन फळ्या उचलून वजनाचा अंदाज घ्या. सुकलेलं सागवान घनफुटाला १८-१९ किलो भरतं. जी फळी नुसती उचलताना 'अबब' वाटते ती ओली. गालाला लावून बघा, ओली फळी गार लागते. बोटाच्या पेरानं ठोका, सुकी खणखणते, ओली ठप्प बोलते. मीटरवर १२ च्या खाली आकडा दिसला तर लगेच घ्या, १५-१६ ला घेऊन घरी वाळवा, २० च्या वर असेल तर नमस्कार करून पुढच्या गठ्ठ्याकडे वळा.

आता नावांचं. सागवान म्हटलं की तीन-चार नावं कानावर पडतील. 'सी. पी. टीक' म्हणजे जुन्या मध्य प्रांतातलं, आजच्या भाषेत चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यातलं. प्रांत कधीच गेला, नाव वखारीत राहिलं. यालाच कुणी बल्लारशा म्हणतं. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेलं, तेव्हापासून माझ्याकडेही 'रामाच्या दाराचं लाकूड द्या' म्हणणारे येतात. रंग, तेलकटपणा, वजन सगळ्यात ते उजवं, आणि दरातही. 'घाना' म्हणून येतं ते आफ्रिकेतल्या लागवडीचं, पण जातीनं सागवानच. फक्त झाडं कोवळी तोडलेली, म्हणून वलयं रुंद आणि पांढरा भाग जास्त. मात्र 'आफ्रिकन टीक' एवढंच कुणी म्हणालं तर खोलात जा, कारण इरोकोसारखी सागवान नसलेली लाकडंही या नावानं विकली जातात. वाईट नसतात, पण सागवानाच्या भावात घेऊ नयेत.

मुलीच्या टेबलाला घाना चालेल. खरंच चालेल. सी. पी. टीकवर अभ्यास केला म्हणून जास्त मार्क पडत नाहीत. फक्त एक सांभाळा. सालीलगतचा पांढरा भाग कुठल्याही सागवानाचा असो, त्याला वाळवी आणि भुंगा दोन्ही लागतात. सागवान टिकतं ते गाभ्याच्या तपकिरी भागामुळे. फळीच्या एका कडेला अर्धा इंच पांढरं असेल तर आतल्या बाजूला वळवून लावता येईल. दोन इंच असेल तर तेवढी रुंदी मापातून वजा करा म्हणायचं, आणि वखारवाला ते ऐकतोही. लाल-पिवळा रंग फासलेली टोकं दिसली तर नखानं खरवडून बघा. रंग बहुधा टोकं फाटू नयेत म्हणूनच असतो, पण कधीकधी त्याखाली चीर निघते. मग फळी डोळ्यासमोर आडवी धरून, एक डोळा मिटून कडेवरून नजर टाका. बाक दिसला तर रंध्यानं निघतो. पीळ म्हणजे फळीचे तिरक्या रेषेत समोरासमोरचे कोपरे उचललेले. तो काढायला जाल तर एक इंची फळीची अर्धा इंची होईल. पिळलेली फळी फुकट मिळाली तरी महाग.

हिशोबाची भाषा वेगळी आहे, ती शिकून जा. वखारीत मिलिमीटर कुणी बोलत नाही. इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक सूत. 'सहा सूत' म्हणजे पाऊण इंच. दर घनफुटावर. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार भागिले १४४. तुमचंच टेबल घ्या. तक्ता ४ × २४ × १ म्हणजे ९६, भागिले १४४, झालं ०.६७ घनफूट. अडीच फुटी चार पाय, अडीच बाय अडीच इंचांचे, मिळून ०.४३. तक्त्याखालच्या चौकटीच्या चार इंच रुंद, एक इंच जाड पट्ट्या, दोन साडेतीन फुटी आणि दोन पावणेदोन फुटी, मिळून ०.२९. बेरीज १.३९. त्यावर रंधा, करवतीची वाट आणि टाकाऊ टोकं यांसाठी पाव ते तिसरा हिस्सा वाढवा. म्हणजे तुम्हाला पावणेदोन घनफूट लाकूड लागतं. हा आकडा खिशात असला की 'साहेब, तीन फूट तरी लागंल' याला काय उत्तर द्यायचं ते तुमचं तुम्हाला सुचेल.

गोल ओंडक्याचं माप आणखी वेगळं असतं. घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. त्यात खऱ्या घनफळाच्या ७८ टक्केच भरतात, बाकी साल आणि वाया जाणारं म्हणून सोडून द्यायची रीत आहे. तुमचा त्याच्याशी संबंध नाही, पण कुणी बोलताना ऐकलंत तर गोंधळू नका.

दराची खरी मेख लांबी-रुंदीत आहे. दाराच्या चौकटीला सात-आठ फूट लांब माल लागतो, त्याला मागणी, म्हणून त्याचा दर चढा. त्याच गठ्ठ्यातले चार-पाच फुटांचे आखूड नग कोपऱ्यात उभे असतात आणि घनफुटाला बरेच स्वस्त पडतात. तुमच्या टेबलात सव्वाचार फुटांहून लांब एकही नग नाही! तेव्हा सरळ म्हणा, "आखूड माल दाखवा." आणि चोवीस इंच रुंदीसाठी दोन रुंद फळ्यांचा हट्ट नको. पाच-पाच इंची पाच फळ्या जोडलेला तक्ता जास्त शहाण्यासारखा वागतो. जोडताना सागवानाच्या कडा थिनरच्या फडक्यानं पुसून लगेच फेव्हिकॉल लावा. सागवान तेलकट असतं, तेल वर आलं की चिकट धरत नाही.

मोबाईलमध्ये परदेशी टेबलांचे फोटो घेऊन जाऊ नका. तिथं चित्र कुणी बघत नाही, नगांची यादी बघतात. किती नग, केवढे. टेप आणि खडू स्वतःचा न्या, निवडलेल्या फळीवर लगेच खूण करा. पुढून निवडलेला आणि मागून गाडीत चढलेला माल एकच आहे एवढं बघितलं की पुरे. बिल पक्कं घ्या.

सागवानच हवं का, हेही विचारतो, कारण सोलापुरात दुसरी एक खाण आहे. आपल्या आणि मराठवाड्याच्या कडेच्या गावांतली माळवदाची घरं आता पडतायत. वर हातभर माती, खाली लाकडाची आडवी-उभी मांडणी. कुठं सागवानी तुळई, कुठं कडुनिंब, कुठं बाभूळ. पन्नास-साठ वर्षं या हवेत राहिलेलं लाकूड केव्हाच पुरतं वाळलेलं असतं. मोडीत निघालेले हातमागही असेच. माझे वडील मागांची दुरुस्ती करणारे सुतार होते. शहरात खटखट घुमत होती तेव्हा त्यांना जेवायला उसंत नसायची. त्यांच्याकडचा एक धोटा, म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी ठोकळा, माझ्या टेबलावर कागद दाबायला आहे. दोन्ही टोकांना लोखंडी टोपण, पोटात कांडी बसायची खाच, बाजूला सूत बाहेर यायचं भोक. लाकूड इतकं गुळगुळीत की पॉलिश केलंय असं वाटावं, पण ते हजारो वेळा ताण्यातून धावून झालेलं. चाळीस उन्हाळे खाऊन तो सुतानंही वाकला नाही. (रुंदीच दीड इंच, त्यात हलणार किती, हेही खरंच म्हणा.)

जुन्या लाकडात दोन धोके. एक खिळे. मोडलेला खिळा वरून दिसत नाही, आणि रंध्याच्या पात्याला लागला की पातं गेलं, वर मशीनवाल्याशी संबंध गेले. लोहचुंबक फिरवा, संशय आला तिथं पटाशीनं उकरा. दुसरं म्हणजे भेगांत बसलेली माळवदाची माती. ती पात्याला खिळ्याइतकीच वाईट. तारेच्या ब्रशनं घासून मगच पुढे. कडुनिंबाला किडा सहसा लागत नाही, पण त्याची रेघ, म्हणजे लाकडाच्या धाग्यांची दिशा, उलटसुलट फिरते, रंध्याखाली खपल्या निघतात. बाभूळ लोखंडासारखी, बैलगाडीची चाकं उगाच तिची करत नव्हते. तुमच्या राउटरला ती झेपणार नाही. स्टूल करायचं असेल तेव्हा जुना कडुनिंब घ्या. आंब्याचं लाकूड स्वस्त मिळेल, पण भुंगा फार लवकर धरतो.

आणि गावाकडच्या शेतातलं झाड तोडून आणायचा विचार असेल तर आधी परवानगी. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, सागवान, आंबा, चिंच अशी झाडं त्यात येतात, मालकीचं असलं तरी. आरा गिरणीला वन खात्याचा परवाना लागतो, त्यामुळे कागद नसलेला ओंडका त्यांनी परत पाठवला तर रागावू नका.

आता रंध्याचं. हौशी लोक इथं सगळ्यात जास्त चुकतात, आणि चूक त्यांची नसते. आपण फळी घेऊन जातो, 'प्लेन करून द्या' म्हणतो. घाईतला कारागीर ती थेट थिकनेसरमधून, म्हणजे फळी एकसारख्या जाडीची करणाऱ्या मशीनमधून, काढतो. वरून-खालून चकाचक. पण थिकनेसरचे रोलर फळीला दाबून सपाट करतात, तशाच अवस्थेत पातं फिरतं, आणि बाहेर आली की ती पुन्हा होती तशी वाकडी उभी राहते. गुळगुळीत झाली, सरळ झाली नाही. म्हणून सांगायचं असं, "आधी सरफेसवर एक बाजू आणि एक कड काटकोनात करा, मग थिकनेस." (सरफेस म्हणजे फळी सरळ करणारं मशीन.) या एका वाक्याचे दहा-वीस रुपये जास्त पडतील, आनंदानं द्या. स्वतःचा गुण्या (काटकोन तपासायचं साधन) घेऊन जा आणि कड तिथंच तपासा. आणि एकदम शेवटच्या मापाला आणू नका. एक इंची फळी आज सात सुतांवर थांबवा, दोन-तीन आठवडे घरी ठेवा, मग उरलेलं काढा. वरची कातडी निघाली की आतला ताण सुटतो आणि फळी थोडी हलते. ते एकदा होऊन जाऊ दे.

फळ्या लांबीत तीन-चार इंच जास्त असू द्या. मशीनमधून निघताना शेवटचे दोन इंच हमखास खोल जातात, तेवढे कापून टाकता येतात. फूटभराहून आखूड तुकडे मशीनमध्ये घालायला सांगू नका. रोलरची पकड सुटली की तुकडा उलटा उडतो. गोल करवत चालू असताना तिच्या रेषेत मागे उभं राहू नका, शर्टाची बाही वर, आणि मास्क लावा. सागवानाचा भुसा काही जणांच्या नाकाला आणि कातडीला सहन होत नाही. तुम्ही त्यातले आहात की नाही हे मशीनसमोर कळू नये.

जायची वेळ सकाळची, दुकान उघडल्या उघडल्या. दुपारपर्यंत चौकटी-दारांची ऑर्डर सुरू झाली की तुमच्या सहा फळ्यांकडे बघायला कुणाला वेळ नाही. दसरा-दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस तर विसराच. एक-दोनदा गेलात, पैशाची घासाघीस न करता नीट खुणा केलेला माल दिलात की कारागीर स्वतःहून सांगायला लागतो, "साहेब, ही बाजू वर ठेवा, रेघ छान आलीय." माझ्याकडे एक निवृत्त मास्तर येतात. ते प्रत्येक फळीवर बाणानं रेघेची दिशा काढून आणतात. त्यांचं काम आमची पोरं आधी घेतात.

घरी आणल्यावर वाळवणं. गच्चीच्या पत्र्याखाली नको, तिथं मे महिन्यात भट्टी होते आणि टोकं फाटतात. जिन्याखाली, पंख्याची हवा लागेल पण ऊन लागणार नाही अशी जागा बघा. खाली सरळ ठोकळे, फळीवर फळी, मध्ये पाऊण इंची पट्ट्या दर दीड फुटावर, आणि सगळ्या पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत. त्या पुढे-मागे झाल्या तर वजनानं फळीला लाट येते. टोकांना जुना ऑइल पेंट फासा, कारण टोकातून पाणी अंगापेक्षा कितीतरी पटीनं लवकर जातं.

टेबल जुळवताना माझं वरचं प्रकरण आठवा. दोन फूट रुंद तक्ता १४ टक्क्यांवरून सातवर आला तर चार ते आठ मिलिमीटर आक्रसतो, वलयांच्या दिशेप्रमाणे. त्याला जायला वाट द्या. चौकटीच्या आतल्या अंगाला खाच मारून त्यात अडकणाऱ्या छोट्या लाकडी टिक्क्या करा, स्क्रू टिक्कीतून तक्त्यात. तक्ता सरकला की टिक्की खाचेत सरकते. ते जड वाटलं तर चौकटीतलं स्क्रूचं भोक आडवं लांबट करा, खाली वॉशर घाला. पॉलिश वर जितके हात तितकेच खाली. जवसाचं तेल लावणार असाल तर वापरलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात, त्यात आपला उन्हाळा. दोरीवर मोकळी पसरा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पावणेदोन घनफूट म्हणजे तीस-पस्तीस किलो, आखूड माल घेतलात तर रिक्षात आडवा बसतो, टेम्पो करू नका. आता ऑक्टोबर आहे, हवा कोरडी व्हायला लागली. याच महिन्यात फळ्या आणा, प्रत्येकीच्या टोकावर खडूनं तारीख आणि मीटरचा आकडा लिहा, दर पंधरवड्याला नवा आकडा त्याखाली. सलग दोनदा तोच आकडा आला की फळी तयार. बहुतेक जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उलगडेपर्यंत येईल. तेव्हा रंध्याला घेऊन या.